दुसरा गिलावडा

बाबा, तुमच्यावर रागावून इतकी वर्षं झाली की राग नेमका कशाचा असं कोणी विचारलं तर मला आधी तांब्याभर पाणी प्यावं लागेल. पण काल पुन्हा उफाळला. कारण तुमची नात. अमरावतीहून स्थळ पाहून आली आणि चपला काढायच्या आत सांगते, "आई, मुलगा चांगला आहे. आम्ही दोघांनी बाहेर गिलावडा खाल्ला. त्यानंच विचारलं, अजून एक घेणार का म्हणून." हसत हसत सांगते. समोर तिचे वडील बसलेले, आजी बसलेली, आणि कोणाच्या कपाळावर एक आठी नाही. माझी सासू, जिनं मला लग्नानंतर बारा वर्षं दारात उभं राहून चिंचेचं बुटुकही तोंडात टाकू दिलं नाही, ती नातीला विचारते, "मंग? घेतला का दुसरा?" मी उठून आत गेले आणि पोळ्या लाटायला घेतल्या. तीन पोळ्या जाळल्या. नवरा बाहेरून वास घेऊन म्हणाला, काही जळतंय का. म्हटलं, हो, जळतंय.

मला लिहायची सवय नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. चौथीपर्यंतची शाळा, त्यातही कापूस वेचणीचे महिने गैरहजर. वाण्याची यादी लिहिते, दळणाच्या डब्यावर नाव लिहिते, बस. वेलांट्या चुकतील तर चुकू द्या, तुम्हाला तरी कुठं कळत होत्या. पण हे बोलणार कोणाशी? तुम्ही जाऊन वीसच्या वर वर्षं झाली, आई गेली, आत्या गेली. जे उरलेत त्यांना मी तोंड उघडलं की कामं आठवतात. म्हणून पोरीच्या वहीतले मधले कागद काढून घेतलेत आणि चुलीच्या खोलीत पाटावर बसून लिहून राहिली आहे. एकदा सगळं सांगून टाकते.

तुमचा स्वभाव आठवला की अजून माझे पाय दुखतात. खरंच पाय. आपलं गाव अकोट आणि अकोल्याच्या मधलं. अकोटाचा बाजार जवळ होता, तिथंही कापूस घेत होते, पण तुम्ही बंडी जुंपायचात ती अकोल्यालाच. आई शेजारणींना सांगायची, तिकडे भाव चांगला मिळतो. मला खरं माहीत होतं. अकोल्याला कापूस बाजाराच्या भिंतीला लागून खाण्याच्या हातगाड्यांची ही एवढी ओळ होती. मुगाचे भजे, आलुबोंडे, कोथिंबिरीनं भरलेली सांबारवडी, कढईतून निघणारी जिलबी, शेवचिवड्याचे ढीग. त्या ओळीसाठी तुम्ही बैलांना आणखी दोन कोस चालवायचात आणि मला पहाटे उठवायचात, कारण घरात मुलगा नव्हता आणि बंडीवर लक्ष ठेवायला कोणी तरी पाहिजे. मी तेव्हा नऊ-दहाची. परकर-पोलकं घातलेली, डोक्यात कापसाचे धागे.

बाजारात लिलाव उरकतो. मला भूक लागलेली, पोटात नुसता जाळ. आणि तुम्ही काय करता? माणूस पहिल्या गाडीवर थांबतो, खातो, मोकळा होतो. तुम्ही आधी ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसते चालता. हात पाठीमागे बांधून, तपासणीला आलेल्या तहसीलदारासारखे. प्रत्येक गाडीपुढे थांबता, कढईत डोकावता, तेल काळं पडलं का पाहता, आणि मागता काय, तर पाणी. पाणी! "भाऊ, आधी पाणी पाज." गाडीवाले वैतागायचे. एक तर स्पष्ट म्हणाला होता, "अवो, नदीवर काहून नाई जात? अठी भजे भेटते." तुम्ही न रागावता पाण्याचा एक घोट तोंडात फिरवायचात, अत्तराचा वास घ्यावा तसे डोळे मिटायचात आणि मला सांगायचात, "ज्याचा माठ धुतलेला त्याचे हात धुतलेले. ज्याचे हात धुतलेले त्याचेच भजे खावा." मग पुढची गाडी. पुन्हा पाणी. असं सगळ्या ओळीचं पाणी पिऊन झालं की आपण परत पहिल्या गाडीवर. नेहमी पहिल्याच! मी एकदा म्हटलंही, बाबा, मग आधीच इथं काहून नाही खाल्लं? तुम्ही म्हणालात, "आधी कसं मालूम पडंन की हेच चांगलं हाये?"

बरं, खायला मिळालं म्हणजे सुटलं असंही नाही. द्रोण हातात पडला की तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहत उभे. "कसं हाये?" मी म्हणायचे, चांगलं आहे. भुकेल्या पोरीनं दुसरं काय म्हणावं? तर तुमचा चेहरा उतरायचा. एकदा तर भर बाजारात खेकसलात माझ्यावर. "निरं चांगलं चांगलं काय करते! ढोरंही हिरवं दिसलं की चांगलं म्हनते. काय चांगलं हाये थे सांग!" लोक पाहायला लागले. मला रडू आलं, हातातला आलुबोंडा गरम, नाक वाहतंय, आणि मी रडत रडत सांगितलं की आलू चांगला शिजला आहे पण मिरची कुटलेली नाही, चिरलेली आहे, म्हणून एकाच घासात सगळं तिखट येतं. तुम्ही गाडीवाल्याकडे वळलात, "पाय, पोट्टीले समजते, तुले समजत नाई." आणि त्या सांबारवडीवाल्याला तर तुम्ही कायमचंच धारेवर धरलं होतं. "नाव सांबारवडी अन् कोथिंबीर पाहाले भिंग लागते!" तोही कमी नव्हता. म्हणायचा, "भिंग घेऊन या भाऊ, वडी मी देतो."

तुमच्या त्या एका शिकवणीनं माझं काय भलं झालं ते सांगू? लग्न होऊन आले त्या तिसऱ्या दिवशी सासूनं विचारलं, वरण कसं झालं. दुसरी सून चांगलं म्हणून मोकळी झाली असती. मी म्हटलं, हिंग आधी टाकला, जळाला, म्हणून कडू लागते. वर्षभर मला वरण करू दिलं नाही, आणि नंतर कायमचं माझ्याच गळ्यात टाकलं. हे तुमचं देणं.

मी बारा वर्षांची झाले तेव्हा आईनं ठरवलं की आता पुरे. बाईमाणसानं रस्त्यावर तोंड हलवायचं नाही. खरं तर सगळ्यांच्या घरी तेच होतं, आई काही वेगळं बोलत नव्हती. बाजारात आलेल्या बायका बंडीत ताडपत्रीच्या आडोशाला पाठमोऱ्या बसून घरची भाकर खायच्या, आणि पुरुष गाड्यांवर उभे राहून मिशा पुसायचे. तुम्हीही मग मला बंडीत बसवून जायला लागलात आणि द्रोण घेऊन यायचात. पण तोवर तुम्ही सगळ्या ओळीचं पाणी पिऊन आलेले, भजे निवून चामडं झालेले. तीन वेळा मी मुकाट्यानं खाल्ले. चौथ्या वेळी द्रोण तुमच्याच हातात परत ठेवला. म्हटलं, हे ढोराले टाका. मला वाटलं आता थोबाडीत बसते. तुम्ही एक भजा मोडून खाल्लात, थोडा विचार केलात, म्हणालात, "बरोबर हाये तुयं. चाल. गरमच खाय." आणि भर बाजारात, पाटला-देशमुखांच्या बंड्यांसमोरून, मला ओळीत नेऊन उभं केलंत. सगळ्या गाड्यांपुढे मी एकटी परकरवाली. लोक पाहत होते आणि तुम्ही पाणी पीत होतात.

आता इथंच माझं डोकं फिरतं बाबा. गावात शाळा चौथीपर्यंतच, पुढं अकोटाला जावं लागे. मोटार दारावरून जायची. मी दोन दिवस जेवले नाही शाळेसाठी. तुम्ही म्हणालात, पोट्टीची जात, रोज रस्त्यानं एकटी जाईन त लोक काय म्हणतीन. लोक! ज्या लोकांसमोर तुम्ही मला रस्त्यावर उभं करून भजे खाऊ घातले तेच ना ते लोक? खाताना त्यांचे डोळे तुम्हाला दिसले नाहीत, पाटी-पुस्तक म्हटल्यावर लगेच दिसले. हे कोडं मी तेव्हाही सोडवू शकले नाही आणि आजही नाही. भजे खायला रस्ता चालत होता, शाळेत जायला तोच रस्ता बाटला.

म्हणून मला ते अमरावतीचं स्थळ पाहिजे होतं. हे मी तुम्हाला कधी तोंडानं बोलले नाही, मुली तेव्हा असं बोलत नसत, पण मला ते फार पाहिजे होतं. मुलगा मास्तर होता. त्याला मी पाहिलंही नव्हतं. काळा की गोरा मला देणंघेणं नव्हतं. मी एवढंच धरून बसले होते की मास्तराच्या घरात पुस्तकं असतील, आणि रिकाम्या दुपारी मला पाचवीचं पुस्तक वाचायला कोणी नाही म्हणणार नाही. महिनाभर आधी मुलाचे मामा आपल्या घरी येऊन गेले होते, शेत पाहायला, माणसं पाहायला. उंच, वाळलेले, बोलायला कमी, काळ्या छत्रीला पांढऱ्या कापडाचं ठिगळ लावलेलं. ती छत्री ते घरातही खाली ठेवत नव्हते. त्यांनी आमची विहीर पाहिली, बैलांचे दात पाहिले, मला एक तांब्या पाणी मागितलं आणि गेले. निरोप आला की मुलगी अमरावतीला आणा, मुलाची आई तिथंच पाहील. तिथं माझी आत्या, तुमची मोठी बहीण, जिच्यासमोर तुमचा आवाज निघत नसे. तिच्याच घरी पाहण्याचं ठरलं.

नेमकी त्या दिवशी चतुर्थी. आईनं माझ्या स्थळासाठी मला उपास धरायला लावला. कडक. चंद्र पाहिल्यावर सोडायचा, तोवर तोंडात पाणीही नाही. निघताना तुम्हाला दहा वेळा बजावलं, "तुमी तुमच्या पोटाचं पाहा, पोरीच्या उपासाले हात लावू नोका." तुम्ही मान हलवली. मोटारीनं अकोटाहून आपण निघालो, रस्ता खडबडीत, दर गावाला थांबा, माझ्या नव्या लुगड्याचा बोंगा सावरता सावरता जीव गेला. महाराष्ट्र व्हायच्याही आधीची गोष्ट, मोटारीत बाकं लाकडाची. अमरावतीला उतरलो तेव्हा दुपार झालेली आणि मला भोवळ येत होती. पाहायला येणार संध्याकाळी. तुम्ही म्हणालात, आधी अंबादेवीचं दर्शन घेऊ. मला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती. देवीच्या रस्त्याला गाड्या असतात हे तुम्हाला माहीत नव्हतं होय?

दर्शन झालं. बाहेर आलो आणि तुमचे हात आपोआप पाठीमागे गेले. मी म्हटलं, बाबा, नाही. तुम्ही म्हणालात, नुसतं पाणी पितो. एका म्हाताऱ्याची गाडी होती, लाकडी, वर पाल बांधलेलं, ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ. तुम्ही पाणी प्यालात आणि तिथंच थांबलात. ओळीचं टोकही पाहिलं नाही. जन्मात पहिल्यांदा तुम्ही पुढं गेला नाहीत. म्हाताऱ्यानं पाण्यातला उडदाचा वडा काढला, दोन्ही तळव्यांत धरून देवाला हात जोडावे तसा दाबला, पाणी निथळलं, पळसाच्या द्रोणात ठेवला, वरून दही, वरून लाल चटणी. गिलावडा. मी तोपर्यंत कधी खाल्ला नव्हता. आपल्याकडे वडा म्हणजे कोरडा. तुम्ही एक घास खाल्लात आणि काही बोललाच नाहीत. तुम्ही, जे पाण्यालाही नावं ठेवता, गप्प! मग द्रोण माझ्यापुढे केलात.

"माझा उपास आहे."

"उपास तुह्या मायनं धरला. तिले सोडू दे. तू खाय."

"आई काय म्हणेल?"

"तिले कोन सांगते? देवी आत हाये, आपुन बाहेर हाओ."

संध्याकाळचं तुम्ही त्याला पाणी पिता पिताच सांगून टाकलं होतं. म्हातारा हसला. म्हणाला, "खाय बाई. रिकाम्या पोटी पाहुण्यांपुढं बसली अन् पडली त लोक म्हनतीन मिरगी हाये." आणि मी खाल्ला. मग दुसरा द्रोण आला, तोही खाल्ला. उभ्यानं, रस्त्यावर, नव्या लुगड्यात, पदर खांद्यावरून घसरलेला, दही ओठाला. समोरून मुलाचे मामा चालले होते, ते आपल्याला काय माहीत.

संध्याकाळी आत्याच्या ओसरीवर सतरंजी टाकलेली. मुलाची आई, तिची बहीण, मामा, आणि कोपऱ्यात मुलगा, ज्याचे मला फक्त पाय दिसले. चांगले स्वच्छ पाय होते. मी पोहे घेऊन आले. मुलाच्या आईनं माझा हात धरून जवळ बसवलं, नाव विचारलं, शिवणटिपण विचारलं, आणि मी वाचायला येतं म्हटल्यावर ती मुलाकडे वळून म्हणाली, "पाय रे, वाचते म्हनते." तिच्या आवाजात कौतुक होतं बाबा. मी ते तीस वर्षं जपून ठेवलं आहे. मग तिनं एक पोह्याची बशी माझ्याकडे सरकवली, घे गं तूही. आणि आत्याला राहवलं नाही. म्हणाली, "नाई वो, तिचा कडक उपास हाये चतुर्थीचा. सकाळपासून थुंका नाई गिळला पोरीनं. असं वळण हाये आमच्या घरचं."

मामांनी पोह्याची बशी खाली ठेवली. छत्री मांडीवर आडवी घेतली. हळूच म्हणाले, "काऊन वो बाई, तुमच्या घरी गिलावडा उपासाले चालते का?"

कोणाला काही कळेना. आत्या म्हणाली, कायचा गिलावडा? त्यांनी सांगितलं, देवीच्या रस्त्यावर, दुपारी, स्वतःच्या डोळ्यांनी. तुम्ही म्हणालात, भाऊ, पोरगी भुकेली होती. मामा म्हणाले, "थे समजलो मी. पहिला बापानं देल्ला असंन, भुकेनं खाल्ला असंन, लेकरू हाये. पन दुसरा? दुसरा कायचा?" आत्याचा चेहरा असा झाला की जणू तिनंच खाल्ला. मी खाली सतरंजीच्या रेघा पाहत होते, निळी, तांबडी, निळी. आणि तुमचा आवाज आला, बहिणीसमोर कधी न निघणारा, चांगला मोठा. "दुसराही मीच देल्ला. पोट्टी नाई नाई म्हनत होती. मी माह्या हातानं कोंबला तिच्या तोंडात. माही जीभ वाईट हाये, तिची नाई." मामा उठले. जाताना म्हणाले, ज्या घरात बाप असा, त्या घरच्या मुलीले आमी काय शिकवावं. मुलाच्या आईनं माझा हात सोडला. तिनं तो इतका हळू सोडला की मला आधी कळलंच नाही.

आत्यानं तुम्हाला त्या दिवशी जे ऐकवलं ते मी लिहीत नाही. गावी आल्यावर आईनं ऐकवलं ते तर गावानंच ऐकलं. "हावरट! जिभेपायी पोरीचं सोनं घालवलं!" मग ते घरात रोजचंच झालं. भाजीत मीठ कमी असलं आणि तुम्ही बोललात की आई म्हणायची, या जिभेनं काय केलं ते आठवा. तुम्ही गप्प ताट ओढायचात. गंमत म्हणजे तुम्ही बोलायचंच बंद केलंत हळूहळू. कशालाच नावं ठेवीनात. भाजी कशी झाली विचारलं तर म्हणायचात, चांगली आहे. तुम्ही! "चांगली आहे." मला तो शब्द तुमच्या तोंडून ऐकवत नसे. दोन वर्षांनी तुम्ही मला अचलपूरला दिलंत. कापडाच्या दुकानात माप घालणारा माणूस, निर्व्यसनी, सरळ, आणि भज्याचा वास आला की शिंकतो. बाहेरचं काही खात नाही. घरी वरणभात, सकाळी वरणभात, रात्री वरणभात. वाईट नाही हो. भांडण नाही, मारझोड नाही. पण घरात पुस्तक म्हणजे पंचांग. ते मी दरवर्षी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते, नक्षत्रं आणि ग्रहणं सगळी.

आणि तुमची ती शेवटची खेप. माझी पोरगी दुधावर होती तेव्हा. तुम्ही अमरावतीला डॉक्टरला दाखवायला गेला होता, खोकला सरत नव्हता, आणि परतीला मोटार बदलून वाट वाकडी करून अचलपूरला उतरलात. मांडीवर पितळेचा डबा. मोटारीत तुम्ही तो सरळ धरून बसला असणार, कारण एक थेंब सांडला नव्हता. झाकण उघडून म्हणालात, "दोन हायेत." एवढंच. मी डब्यात पाहिलं. दोन गिलावडे. माझ्या डोक्यात तीच सतरंजी आली, निळी, तांबडी. म्हटलं, बाळंतिणीला दही चालत नाही. पोरगी आठ महिन्यांची झाली होती, कसली बाळंतीण. तुम्ही लगेच झाकण लावलंत. म्हणालात, "हो, आंबलं असंन दही. उन्हाचं आलं ना. नोको खाऊ." माझं खोटं तुम्हीच पुरं करून दिलंत. मी ते दोन्ही शेजारणीला नेऊन दिले. ती डबा परत देताना म्हणाली, अगदी गोड होतं गं दही. तुम्ही ओसरीवर बसला होतात, ते तुम्ही ऐकलंत. त्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

आता कालची गोष्ट घ्या. माझीच पोरगी मुलाबरोबर रस्त्यावर उभी राहून वडे खाऊन येते आणि लोक पेढे वाटायच्या गोष्टी करतात. मग आमचंच काहून असं झालं? वीस-तीस वर्षांत गिलावडा बदलला की उपास बदलला? रात्री पोरगी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आई, तू चिडलीस का? आजी म्हणते तुझंही एक स्थळ वड्यावरून मोडलं होतं. आजोबांनी जबरदस्तीनं खाऊ घातला म्हणे." मी हो म्हणणार होते. तीस वर्षं तेच म्हणत आले. आईला म्हटलं, सासूला म्हटलं, नवऱ्याला म्हटलं. तोंड उघडलं आणि त्यातून हो निघेना. पोरीला म्हटलं, जा, झोप. आणि आज तिची वही फाडली.

वर मी लिहिलं आहे की मामा चालले होते ते आपल्याला काय माहीत. ते खोडत नाही, पण खरं नाही. तुम्हाला माहीत नव्हतं. तुमची पाठ होती रस्त्याकडे. मला दिसली छत्री. पांढरं ठिगळ. पहिला वडा संपला होता, द्रोण हातात होता, आणि ते पलीकडच्या बाजूला उभे राहून पाहत होते. मी द्रोण टाकून पदर घेतला असता तर ते भुकेलं लेकरू म्हणून सोडून देणार होते, तेच म्हणाले ना नंतर. मला तेवढी अक्कल होती. मास्तर मला पाहिजे होता, पुस्तकं पाहिजे होती. पण ते असं पाहत होते, आमच्या बैलांचे दात पाहिले होते तसं, आणि माझ्या तोंडात ते दही होतं. आणि मी त्यांच्याकडे पाहत तुम्हाला म्हटलं, बाबा, अजून एक. तुम्ही किती खूश झाला होतात. म्हाताऱ्याला म्हणालात, "पाय, पोट्टीले समजते."

तुम्ही कोंबला नाही. मी मागितला होता. हे तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही आईच्या, आत्याच्या, साऱ्या गावाच्या शिव्या खाऊन एकदाही बोलला नाहीत. छत्रीचं तेवढं माहीत नव्हतं, ते आज सांगितलं.

तेव्हा तुम्ही विचारलं होतं, कसा आहे, आणि मी घाईत म्हटलं होतं, चांगला आहे. तुम्हाला ते आवडलं नसणार. तर ऐका. उडीद अगदी बारीक वाटलेला नव्हता, जरा भरड होता, म्हणून दही आतपर्यंत धरत होता. दही घट्ट, बिनपाण्याचं. चटणीत लसूण कच्चा नव्हता, तेलात फिरवलेला होता, म्हणून तिखट जिभेला नंतर लागायचं, आधी गोड. दुसऱ्यावर म्हाताऱ्यानं चटणी कमी घातली होती. मला ती अजून पाहिजे होती, पण तेवढं मागायची हिंमत झाली नाही.

उडीद भिजत घातला आहे. मुलाकडचे उद्या, रविवारी येतात. उठते आता, वाटायचा आहे, आणि पोरगी येऊन कागद कशाला फाडलेस म्हणून विचारायच्या आत हे चुलीमागे सारायचं आहे.